आधी ब्रेक, मग गिअर

माझा धाकटा भाऊ आनंदराव कसा आहे म्हणून भिलाईत आमच्या कोहक्यात कोणालाही विचारा. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात, बुद्धविहारात सतरंज्या घालायला सगळ्यांच्या आधी हजर, असंच सांगतील. गाडीचा विषय निघाला तर मग बोलायलाच नको. अख्खी नोकरी टिपर चालवला, पण त्याच्या गाडीने कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हे सगळं खरं आहे. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय, त्यामुळे उरलेलं सांगायचा हक्क माझा आहे.

आमचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या कारखान्यात कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी शिकून प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. आनंदरावचं डोकं पुस्तकात कधी रमलं नाही. तो अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीत एका ठेकेदाराच्या टिपरवर लागला. खाणीच्या वरच्या पायरीवर दगड भरायचा आणि भरल्या गाडीने वळणावळणाच्या कच्च्या उतारावरून खाली जायचं, हे काम. अशा उतारावर भरल्या गाडीला ब्रेक लावत राहिलं की ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. म्हणून उतार लागायच्या आधीच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकायची आणि इंजिनलाच तिला रोखून धरू द्यायचं. ब्रेकला पाय फक्त टेकवायचा. त्याच्या डोळ्यांसमोर एक टिपर तापल्या ब्रेकने सुटला आणि त्या ड्रायव्हरचा पाय गेला. तेव्हापासून आनंदरावच्या अंगात ते भिनलं. गाडी गिअरने रोखायची, ब्रेक दाबतो तो कच्चा.

खाणीत ते बरोबरच होतं, मी नाही म्हणत नाही. पण आनंदराव ते खाणीत ठेवून घरी येत नसे. कोणाच्याही गाडीत बसला की त्याचं सुरू. समोरच्याने ब्रेक दाबला की हा चुकचुक करणार. लांबच्या भाचेजावयाच्या नव्या गाडीत बसून त्याने दुर्गपर्यंत त्या बिचाऱ्याचं डोकं खाल्लं. उतईला एका लग्नाला निघालो तेव्हा भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर रस्त्यातच गाडी थांबवून म्हणाला, "अंकल, आपही चला लो." आणि आनंदरावने खरंच चालवत नेली. वर वाटभर खूश! खाणीतले त्याचे दोस्त, मारोतराव वगैरे, त्याला उस्तादच म्हणत. पुरुषाला एकदा कोणी उस्ताद म्हटलं की संपलं, मग त्याला काही नवीन शिकवायची सोय राहत नाही.

त्याची बायको चंदा लवकर गेली. त्यांची पोरगी सुजाता तेव्हा शाळेत होती. मी शेजारच्याच गल्लीत राहते, माझ्या संसाराला मूलबाळ नाही, त्यामुळे पोरगी अर्धी माझ्याकडेच वाढली. बाप शिफ्ट करून यायचा आणि तिच्याशी काय बोलावं हे त्याला कळायचं नाही. शेवटी त्याने तिला गाडी शिकवायला घेतली. एक जुनी छोटी चारचाकी कोणाकडून तरी घेतली होती, ती घेऊन दोघं मोकळ्या मैदानावर जायचे. बापलेकीचं तेवढंच बोलणं होतं, क्लच, गिअर आणि रेस. मला तेव्हा ते बघून बरं वाटायचं. आईविना पोरीला बाप मिळाला असं वाटायचं.

आणि पोरगी काय चालवायची! मला गाडीतलं काही कळत नाही, पण तिच्या शेजारी बसलं की पोटातलं पाणी हलत नसे. कॉलेजला असताना मैदानावर नारिंगी कोन मांडून गाड्यांच्या शर्यती झाल्या, त्यात ती बापाची जुनी गाडी घेऊन उतरली आणि पोरांना मागे टाकून आली. आनंदरावने त्या दिवशी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. म्हणाला, "ताई, माह्या हाताखाली शिकली हाये." मी म्हटलं, हात तुझा आणि पाय तिचे. हसला तेव्हा.

पुढे नागपूरचा एक मोटर-स्पोर्टवाला क्लब इकडे आला. एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर त्यांनी सराव ठेवला. दर रविवारी पोरंपोरी यायची. त्यातल्या एकाला किंवा एकीला ते दक्षिणेतल्या खऱ्या ट्रॅकवर शिकायला नेणार होते, क्लबची गाडी, क्लबचा खर्च. सुजाताला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तिने त्या दिवसांत दुसरं काही बोलणंच सोडलं. ती रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन तेच सांगायची, आणि मी भाजी चिरता चिरता ऐकायची.

क्लबकडून शिकवणारा गंधार नावाचा मुलगा होता, शांत, ओरडत नसे. त्याने पहिल्याच रविवारी सांगितलं की ट्रॅकवर वेग उतरवायचं काम ब्रेकचं, गिअरचं नाही. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक जोरात दाबायचा. वेग उतरला की मग गिअर खाली आणायचा, एकेक करून. तो कशासाठी, तर वळणातून बाहेर पडताना इंजिनमध्ये जीव असावा म्हणून. आणि गिअर खाली आणताना ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर, आणि त्याच पायाची कड किंवा टाच वाकडी करून एक्सीलेटरला हलकी रेस द्यायची, म्हणजे क्लच सोडताना इंजिन आणि चाकं एकाच वेगात येतात आणि गाडीला झटका बसत नाही. झटका बसला की चाकं घसरतात.

सुजाता हे माझ्या डायनिंग टेबलाखाली शिकली. खुर्चीत बसून चप्पल वाकडी करून दाबत राहायची. मला वाटलं, पायाला खाज सुटली. मी म्हटलं, "अवं, पायाले खोबरेल लाव." तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

बापाला मात्र हे पटेना. धावपट्टीवर तो दर रविवारी जायचा, हात मागे बांधून उभा राहायचा. सुजाता ब्रेक दाबायची तेव्हा तो तोंड फिरवायचा. घरी आल्यावर म्हणायचा, "इतका ब्रेक काहाले दाबतं? गिअर नाही का गाडीले? सारं शिकवलेलं पाण्यात घातलं पोट्टीनं." ती समजावून सांगायची की बाबा, तुमचा उतार वेगळा, लोड वेगळा, तिथे गाडी सायकलच्या वेगाने चालते. हा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "गाडी ते गाडीच असते."

निवडीच्या रविवारी मीही गेले. डबे घेऊन गेले, कारण आनंदरावने मारोतरावसकट खाणीतले सगळे दोस्त पोरीचं कौतुक बघायला बोलावले होते. सकाळच्या फेऱ्यांत सुजाता पहिल्या तिघांत होती. गंधारने सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. जेवणाच्या वेळी मी डबे उघडत होते, आणि आनंदराव तिला गाड्यांच्या पलीकडे बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, पाठीवर हात ठेवायला नेलं असेल.

दुपारची फेरी शेवटची. सुजाता क्लबच्या गाडीतून सरळ पट्टीवरून सुसाट आली. वळणाचे कोन जवळ आले, आणि ब्रेकचे लाल दिवे लागलेच नाहीत. त्याऐवजी इंजिन असं किंचाळलं की मी कान झाकले. तिने त्या वेगात गाडी थेट दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला होता. पुढची चाकं घसरली, गाडी वळलीच नाही, सरळ जाऊन रचून ठेवलेल्या टायरांवर आदळली. आम्ही धावलो. पोरीला लागलं नव्हतं. इंजिनातून धूर निघत होता, आणि एक मेकॅनिक वाकून बघत म्हणाला, व्हॉल्व्ह गेले, इंजिन खलास.

गंधार आला. त्याने आधी तिला पाणी पाजलं, मग विचारलं, "सुजाता, सकाळी इतकं छान केलंस. आत्ता ब्रेक का नाही लावला?" ती पाण्याची बाटली हातात फिरवत राहिली. तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "हे बघा, गाडी गेली त्याचं काही नाही. दुसरी गाडी आहे, मी तिला पुन्हा फेरी देऊ शकतो. पण मला खरं कळायला हवं. घाबरून हातपाय चुकले असतील तर मी तिला ट्रॅकवर नेणार नाही, उद्या जीव जाईल. आणि कोणी तिला असं करायला सांगितलं असेल तर मला चिंता नाही, ते मी तिच्यातून काढून टाकीन. कोणी सांगितलं होतं का?"

सुजाता बापाकडे बघत होती. बघत होती म्हणजे काय, वाट बघत होती. मारोतराव आणि बाकीचे दोस्त बाजूलाच उभे होते. आनंदरावने घसा खाकरला आणि म्हणाला, "नाही जी, कोन सांगन? घाबरली पोरगी. पोरीची जात हाये, घाबरली."

तिने मान खाली घातली. गंधारने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि यादीतल्या पुढच्या मुलाला हाक मारली. संपलं.

खरं काय ते मला पाच दिवसांनी कळलं. तीही सांगत नव्हती, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्या, बाबा म्हणाले का दोस्त लोक हसून राहिले. उस्तादाची पोरगी कच्च्यासारखी ब्रेक दाबून राहिली म्हणते. एक डाव तरी माह्या पद्धतीनं करून दाखव, नाही तं बाप म्हणू नको." मी विचारलं, मग गंधारसमोर तोंड का नाही उघडलंस? तर म्हणाली, "बाबा सांगतील म्हणून थांबली होती."

मी तशीच उठून आनंदरावच्या घरी गेले. तो म्हणाला, "मी असं काई नाही सांगतलं. उगाच पोरीचं ऐकून भांडू नको." माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला. पोरगी खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं, पण बापाने हात वर केले की मास्तरणीने करायचं काय? मी चार शब्द सुनावले आणि घरी आले. सुजाताने गाडी सोडली. क्लबवाल्यांचा एकदोनदा विचारपूस करायला फोन आला, तिने उचलला नाही. रक्तलघवी तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, बसने जायची, बसने यायची. कोणाच्या गाडीत बसायची वेळ आली तर मागच्या सीटवर बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. लोक म्हणायचे, अपघाताने पोरगी भ्याली. आनंदरावही म्हणायचा. म्हणता म्हणता तेच खरं होऊन बसलं.

आनंदराव निवृत्त झाला आणि त्याने गाडी शिकवायचा क्लास काढला. नाव होतंच, पोरं यायला लागली. नंतर नंतर फोनवर व्हिडिओ बघून डोकं फिरलेली पोरं यायला लागली, त्यांना ट्रॅकवर चालवायचं होतं. रविवारी दुपारी त्याच्या ओसरीत त्यांची शाळा भरायची. मी तिकडे फारशी फिरकत नसे. पण एका रविवारी चंदाच्या पुण्यस्मरणाचं जेवण होतं, म्हणून गेले. सुजाता आत चहा करत होती, मी दाराशी लसूण सोलत बसले होते.

आनंदराव खुर्चीत बसला होता. समोर जमिनीवर त्याने तीन चपला मांडल्या होत्या, क्लच, ब्रेक, एक्सीलेटर. पोरं गोल करून उभी. उजव्या पायाचा पंजा मधल्या चपलेवर दाबून, टाच वळवून त्याने शेजारच्या चपलेला नाजूक टिचकी दिली. म्हातारा माणूस, पण पाय कसा लोण्यासारखा वळला.

"देखो, पहले ब्रेक, फिर गिअर," तो म्हणाला. "गाडी को गिअर से नहीं रोकना. ब्रेक से रोकना. गाडी सीधी है तब तक ब्रेक पूरा दबाओ, स्पीड गिर गई, फिर एक-एक गिअर नीचे, और हर गिअर पर ऐसा हलका सा रेस."

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. शब्द न् शब्द गंधारचा होता. गिअर आणि ब्रेकमधला फरक, आधी काय आणि मग काय, टाच कुठे, सगळं. ज्याने पोरीला बाप म्हणू नको सांगितलं, तोच माणूस हे बोलत होता. आणि चांगलं शिकवत होता, हे आणखी वाईट.

एका पोराने विचारलं, "अंकल, और पहले गिअर डाल दिया तो?"

"तो इंजिन जाएगा, गाडी जाएगी," आनंदराव म्हणाला. "मेरी खुद की बेटी का गया था. सब सिखाया था, लेकिन टाइम पे डर गई. उलटा कर दिया." पोरं हळहळली. त्याने मान हलवली, जसं काही त्याचंच मोठं नुकसान झालं होतं.

सुजाता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आत परत जाईल. ती पुढे आली, ट्रे टेबलावर ठेवला, एकेकाच्या हातात कप दिला. शेवटचा कप बापाला देताना ती त्या पोरांकडे वळून म्हणाली, "मैं डरी नहीं थी. पापा ने वैसा करने को बोला था. मैंने पापा की बात सुनी थी."

एवढ्या वर्षांनी पोरीने तोंड उघडलं होतं. आनंदराव तिच्याकडे बघत राहिला. त्याला फक्त हो म्हणायचं होतं. मोठं काही नाही, मान हलवली असती तरी चाललं असतं.

तो हसला. पोरांना डोळा घालून म्हणाला, "देखा? गलती खुद की, नाम बाप का. इसीलिए बोलता हूँ, ड्राइवर को अपनी गलती माननी चाहिए."

पोरं हसली. त्यांचा काय दोष, उस्ताद हसला म्हणून हसली. सुजाताने रिकामा ट्रे उचलला आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पोरं गेल्यावर मी आनंदरावसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. म्हटलं, "कवापासून मालूम हाये तुले, आधी ब्रेक असते म्हणून?"

तो चपला गोळा करत होता. तिन्ही भिंतीशी लावून ठेवल्या. मग वर न बघता म्हणाला, "त्याच हप्त्यात समजलं, ताई. पुढच्या रविवारी मी एकटा गेलो होतो त्या धावपट्टीवर, आपली जुनी गाडी घेऊन. दोनी प्रकारानं करून पाह्यलं. तो गंधार पोट्टा बरोबर सांगून राहिला होता."

"म्हणजे मी भांडायला आले त्याच्या दोन दिवसांनी."

"हो."

"तवा गंधारले फोन लावला असता तं पोरगी गेली असती ना रे! ते लोक फोन करून राहिले होते!"

"मारोतराव अन् बाकीचे काय म्हणाले असते?" तो म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "साऱ्या खाणीत हसू झालं असतं माह्यं."

"बरं, त्यांना नको सांगू. जगाले नको सांगू. पण पोरीले? घरात, चार भिंतींत, तिले एकटीले कावून नाही सांगतलं का बाई, माही चूक होती?"

आनंदरावने मान वर केली. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाला, "तिले काय सांगाचं ताई? तिले तं मालूमच हाये."

मी पुण्यस्मरणाचं जेवण न जेवता घरी आले.

सुजाताने पुढच्याच महिन्यात रायपूरच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली, तिथेच खोली घेतली. चौदा एप्रिलला विहारात येते, बाबासाहेबांना हार घालते, माझ्याकडे जेवते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. बापाच्या घरावरून गेली तरी आत वळत नाही. आनंदराव भेटेल त्याला सांगतो, इतकं केलं पोरीसाठी, आई नसताना वाढवली, अन् घरी कावून येत नाही ते समजत नाही. माणसं हळहळतात. मग ती माझ्याकडे येतात आणि विचारतात, ताई, तुम्ही तरी सांगा, पोरगी बापावर एवढी का रागावली आहे?

मी म्हणते, त्याला काय सांगायचं? त्याला तर मालूमच आहे.